कूळ, शेजार, साक्ष

"नाव घ्यायचं नाही," बडवाईक सर म्हणाले. "ज्यानं नाव घेतलं त्यानं बाहेर जाऊन तलावाकडे बघत उभं राहायचं."

आम्ही खिडकीकडे बघितलं. बाहेर तलाव होताच कुठे! डिसेंबरचं धुकं तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरून थेट वर्गाच्या गजांपर्यंत आलं होतं, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी डोंग्यांतून शिंगाडे तोडणाऱ्या बायांचे नुसते आवाज तरंगत होते. त्यांत माझी मायही होती. ती कोणावर तरी ओरडत होती, म्हणून ओळखू आली. असली शिक्षा कोणाला नको होती? अर्धा वर्ग मुद्दाम नाव घ्यायला टपून बसला.

सरांनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला लागले.

"ती आपलीच असते, पण उचलता येत नाही. सकाळी आपल्याहून लांब, दुपारी पायाशी गोळा. अंधाराची ती सख्खी म्हणावी, तर अंधारात दिसतच नाही. लहानपणी मी तिच्यावर पाय द्यायला धावलो, आणि धावून धावून पडलो."

"सावली!" नरहरी लांजेवार ओरडला.

"जा बापा," सर म्हणाले, आणि नरू खुशीत धुक्यात निघून गेला. दारातून दोन पावलं गेला आणि दिसेनासा झाला.

ही गोष्ट भंडाऱ्याकडच्या शिवणबोडी गावातली, मी दहावीत होते तेव्हाची. मी रत्नमाला दिघोरे, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची, वर्गात सगळ्यांत तोंडाळ. आज केस पांढरे झालेत, तोंड तेवढं तसंच आहे. बडवाईक सर आम्हाला मराठी शिकवायचे. मार्चनंतर ते निवृत्त होणार होते, म्हणजे आमचा वर्ग त्यांचा शेवटचा. त्या हिवाळ्यात त्यांनी निबंधाचा एक नवाच प्रकार काढला होता. गाय, माझी शाळा, मी पंतप्रधान झालो तर, हे सगळं बंद. एखादी गोष्ट म्हणजे नेमकं काय, एवढंच लिहायचं, आणि तेही तिचं नाव न घेता. आधी ते स्वतः एक नमुना उतारा वाचून दाखवायचे, मग आम्ही त्यावरून आपला लिहायचा.

आम्ही कसा लिहिला ऐका. नरूनं लिहिलं होतं, "ती आपलीच असते, पण उचलता येत नाही. सकाळी दूध देते." म्हणजे म्हैस. सईदानं लिहिलं, "ती आपलीच असते, पण उचलता येत नाही. तिला चार भिंती असतात." म्हणजे शाळेची खोली. आणि मी शहाणीनं आजीवर लिहिलं होतं, तिलाही उचलता येत नव्हतं. सर एकेक वाचत गेले आणि हसता हसता खुर्चीत बसले. चष्मा काढून डोळे पुसले.

"अरे पोट्टे हो, शिंप्याकडे जुनं झंपर नेतो की नाही आपण? कशाला नेतो?"

"मापाला जी," पोरी म्हणाल्या.

"मग तेच झंपर घालून लग्नाला जातो का?"

"नाही जी सर!"

"मग? नमुना मापापुरता. कापड आपलं पाहिजे."

मग त्यांनी ते माप उलगडून दाखवलं. फळ्यावर लिहिलं काहीच नाही, नुसते फिरत बोलत राहिले. कुठल्याही गोष्टीला एक कूळ असतं, ती कोणात मोडते ते. तिला शेजार असतो, म्हणजे तिच्यासारखं दिसणारं पण ती नसलेलं. आणि शेवटी साक्ष. तुम्ही स्वतः ती कुठे बघितली, ते. "कूळ कोणीही सांगतो," सर म्हणाले. "शेजार सांगायला डोकं लागतं. आणि साक्ष उसनी आणता येत नाही, रत्नमाला, तुझी आजी तुलाच माहीत."

लिहून झालं की वाचायचं, आणि बाकीच्यांनी ते मोडून दाखवायचं. माझा निबंध रुमालावर होता, "खिशात मावतो, घडी होते, तोंड पुसायला लागतो." नरू उठून म्हणाला, "हे तर माझ्या बाबाची टोपीपण करते जी." संपली माझी व्याख्या! मला असा राग आला की डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहून आणली, ती मोडली नाही, तेव्हा नरूकडे बघून जीभ काढली. आमच्या वर्गाला मोडामोडीचं वेड लागलं होतं. पाण्याच्या टाकीजवळ, सायकली लावताना, जेवताना, जो तो दुसऱ्याचं मोडत सुटलेला.

सरही हा खेळ दिवसभर खेळायचे. "रत्नमाला, ते आण गं, पांढरं, फळ्यावर झिजतं ते." "खडू!" आम्ही ओरडायचो. "अरे, ते उघडा कोणीतरी, वारा येऊ दे." "खिडकी!" कधी एखाद्याकडे बोट दाखवून, "तो, जो दुसऱ्याच्या वाक्यात घुसतो, तो सांगेल." "नरू!" असा मास्तर अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असं मला वाटायचं. सकाळच्या पहिल्या तासाला धुकं खिडकीतून हळूहळू आत यायचं, मागच्या बाकांवरची पोरं पुसट व्हायची, आणि सर त्यातून बिननावाच्या गोष्टी सांगत हिंडायचे. मी तो तास झोपेत ऐकल्यासारखा ऐकायची, आणि तरी एकूण एक शब्द आठवतो.

गुरुवारी आमच्या गावचा बाजार. शाळा सुटल्यावर मी मायसोबत उकडलेले शिंगाडे घेऊन बसायची. त्या गुरुवारी सरांच्या घरच्या काकू आल्या. प्रमिलाकाकूंना सगळा बाजार ओळखायचा, कारण त्या गोष्ट सांगायला लागल्या की संपायच्या आधी स्वतःच हसत सुटायच्या, आणि गोष्ट तिथेच राहायची. त्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. माय सुटे आणायला शेजारच्या दुकानात गेली, तशा माझ्याजवळ खाली बसल्या.

"रत्नी, एक विचारू? सर वर्गात नावं घेतात का गं?"

"नाही जी काकू!" मी फुशारकीनं म्हणाले. "सर नावच घेत नाहीत. तोच तर खेळ आहे आमचा." आणि मी त्यांना सगळं सांगितलं, खडूचं, खिडकीचं, नरूचं.

काकूंनी एक शिंगाडा सोलला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"खेळ नाही गं तो," त्या म्हणाल्या. "नावं येत नाहीत त्यांना. दसऱ्यापासून जाऊन राहिलीत. आधी गावांची गेली, मग भाज्यांची. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हे असंच वाढत जाणार. हुशार माणूस, नाव सुचलं नाही की वर्णन करतो, समोरच्याला कळतपण नाही. काल सकाळी मला म्हणाले, 'अगं, ती कुठे गेली, ती चहा करते ती?' आणि मीच होते समोर."

मी शिंगाड्यांवरचं फडकं उगाच सारखं करायला लागले.

"कोणीतरी मोठ्या मॅडमकडे तक्रार केली, की सर पोरांची नावं चुकवतात, यांना दहावी कशाला देता? पुढच्या शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार आहेत वर्ग बघायला. शेवटचा वर्ग आहे त्यांचा, रत्नी. मार्चपर्यंत काढता आलं पाहिजे. मधूनच घरी बसवलं तर तो माणूस एका महिन्यात विझेल, मला माहीत आहे." त्यांनी डोळे पुसले. "तुला काहून सांगितलं काय माहीत. तूच त्यांची लाडकी म्हणून असेल."

माय आली तशा त्या उठल्या आणि शिंगाडे घेऊन निघून गेल्या.

मला रात्रभर राग येत राहिला. कोणाचा, ते कळेना. देवाचा, तक्रार करणाऱ्याचा, त्या नागपूरच्या डॉक्टरचा. सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले आणि आमच्या वर्गातल्या प्रत्येकाला धरून सांगितलं. नरूनं पहिल्यांदाच माझं वाक्य पुरं होऊ दिलं. सईदा रडायला लागली, तिला मी चांगलीच झापली. "रडायचं नंतर. आधी शुक्रवार काढायचा."

आणि आम्ही कामाला लागलो. बोलायला उठायचं तर आधी आपलं नाव सांगायचं, असं ठरलं. "सर, मी नरहरी लांजेवार, सांगू का?" "सर, मी सईदा शेख, वाचू का?" सरांना हा नवा शिष्टाचार फार आवडला. "बघा, किती शिस्त आली पोरांत," असं त्यांनी शिपायालाही सांगितलं म्हणे. हजेरी आमचा मॉनिटर घ्यायला लागला. सर अडखळले की शब्द कोणी द्यायचा, तेही ठरलेलं. कवितेचे शब्द सईदा, व्याकरणाचे मी, बाकी सगळं नरू. मधल्या सुटीत चिंचेखाली बसून आम्ही सराव करायचो. एकजण अर्धं वाक्य बोलून थांबायचा आणि बाकीच्यांनी पटकन शब्द पुरवायचा. आठवड्यात आम्ही असे तयार झालो की घरी मायनं "अगं ते दे गं" म्हटलं तरी माझ्या तोंडातून "उलथनं!" निघायचं, आणि हवं ते उलथनंच असायचं.

शुक्रवारी धुकं असं पडलं की तसं त्या वर्षात पडलं नव्हतं. साहेबांची जीप पाळीवरच चुकली, कोणीतरी चालत पुढे होऊन ती शाळेपर्यंत आणली. साहेब आले, मागच्या बाकावर बसले, त्यांच्याजवळ मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका फुलझेले मॅडम. मॅडम कडक होत्या, पण त्या दिवशी त्यांचाच चेहरा उतरला होता.

सरांनी नमुना काढला.

"झोपेकडे आपण जातो, ही आपल्याकडे येते. झोपेला अंथरूण लागतं, हिला दुसऱ्याचं भाषण पुरतं. ती येऊन गेल्याचं सगळ्यांना कळतं, ज्याच्याकडे आली तोच कबूल करत नाही. मी हिला एकदा कीर्तनात बघितलं. ती बुवांनाच आली होती."

मागून हसण्याचा आवाज आला. साहेब हसत होते! पोट हलवून हसत होते. "डुलकी," ते म्हणाले, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला, कारण नाव न घेण्याचा नियम त्यांना मॅडमनी आधीच सांगितला होता. नरूनं उठून अदबीनं दार उघडून धरलं. साहेब आणखी हसले.

तो तास मी विसरणार नाही. सर त्या दिवशी अगदी पूर्वीचे सर होते. कूळ काय, शेजार काय, सगळं पोरांच्या तोंडून काढून घेत होते, एकही शब्द अडला नाही. सईदानं रुसव्यावर वाचलं, "राग एकट्यानं करता येतो, हा करायला कोणीतरी बघणारा लागतो." साहेबांनी मान डोलावली. सर म्हणाले, "मोडा." कोणालाही मोडता आलं नाही. सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मलाही सुचलं नसतं." धुकं आत येऊन बाकांमध्ये बसलं होतं, आवाज तेवढे फिरत होते, आणि मला वाटत होतं की हा तास असाच चालत राहावा, घंटा देणारा शिपाई धुक्यात वाट चुकावा.

मग साहेब बोलायला उभे राहिले. "मी पुष्कळ शाळा बघतो," ते म्हणाले. "पण आज या वर्गात जे ऐकलं, ते म्हणजे अगदी, काय म्हणतात त्याला..."

"अपूर्व!" सईदा ओरडली.

"विलक्षण!" मी.

"झकास!" नरू.

सवयच लागली होती ना आम्हाला! साहेब दचकले, मग म्हणाले, "हो, हो, तिन्ही." आणि बसले.

आम्ही जिंकलो होतो. मॅडमच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सर खिडकीपाशी गेले, गजांना धरून बाहेरच्या पांढऱ्याकडे बघत उभे राहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पोट्टे हो, इतकी वर्षं शिकवलं. पण आज मला सगळ्यांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर तो..."

आणि थांबले.

त्यांना नाव आठवत नव्हतं म्हणून नाही. त्यांचा गळा भरून आला होता. हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही सगळे एकदम घाबरलो.

"वर्गाचा, सर?" कोणीतरी हळूच म्हणालं.

"निबंधांचा, सर?"

"साहेबांचा?"

"सईदाचा, सर? ती सईदा शेख, सर."

आजारी माणसाला औषध विचारतात, त्या आवाजात. सगळ्या बाकांवरून, एकामागून एक, अगदी मायेनं. सर ऐकत राहिले. त्यांची नजर एकेका तोंडावरून फिरली. नरूवरून, सईदावरून, आणि माझ्यावर येऊन थांबली. तेव्हा मला समजलं, की सरांना समजलं. आपली नावं जातात हे वर्गात कोणाला माहीत नाही, असं आतापर्यंत त्यांना वाटत होतं. साहेबांना त्यातलं काहीएक कळलं नाही, ते मॅडमना म्हणत होते, "काय जिव्हाळा आहे हो!"

"तुमचा," सर म्हणाले. "तुमचा आनंद झाला." आणि घंटा झाली.

साहेबांनी शेरा उत्तम दिला, जीप धुक्यात गेली. वर्ग रिकामा झाला तरी सर खुर्चीतच बसून होते.

"रत्नमाला दिघोरे," त्यांनी हाक मारली. पूर्ण नावानं. "कोणी सांगितलं?"

खोटं बोलायची माझी टाप नव्हती. "काकूंनी."

"आणि तू सगळ्यांना."

"हो जी."

ते टेबलावरचे कागद गोळा करायला लागले. आणि मला वाटलं, झालं, आता हा माणूस लाजेनं उद्यापासून येणार नाही, आम्हीच घालवला याला. माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटून ओरडले, "सोडून जायचं नाही सर! सांगून ठेवते! आम्ही काही तुमच्यावर उपकार नाही करून राहिलो. तुम्ही अर्धं बोला, आम्ही अर्धं बोलू, काय बिघडतं? मार्चपर्यंत कोणाला कळणार नाही!" आणि भोकाड पसरलं. सईदाला झापणारी मी!

सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "व्याकरणात चुकीचं सांगितलं तर? तुमची परीक्षा आहे, बाळा. माझी नाही." ते उठले आणि सरळ फुलझेले मॅडमच्या खोलीत गेले. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते. शेवटी मॅडम दारात आल्या, डोळे लाल. मला बघून म्हणाल्या, "तू इथेच आहेस होय? सांग वर्गाला. व्याकरण आणि धडे सोमवारपासून मी घेईन. निबंधाचा तास सरांचा. मार्चपर्यंत." जाता जाता थांबल्या. "आणि मी काही सरांसारखे तुमचे लाड करणार नाही, समजलं?"

मी धावत सुटले. पोरं चिंचेखाली वाट बघत होती.

पुढच्या निबंधाच्या तासानंतर सर मला म्हणाले, "आता तू मला एक नमुना लिहून दे."

"मी? तुम्हाला?"

"घरच्या माणसावर. काकूंवर." ते खडूची भुकटी बोटांनी एका जागी गोळा करत होते. "मी रोज लिहायला बसतो. पण मी नुसतं तिचं नावच लिहितो, खालोखाल. आणि रत्नमाला, नावच तर जाणार आहे. मला असं काहीतरी पाहिजे, जे नावाशिवाय उभं राहील. मी सांगतो, तू लिही. अजून सगळं आठवतं मला."

मग आम्ही संध्याकाळी पाळीवर बसायला लागलो. खाली तलावात पाणकोंबड्या बोलायच्या, पलीकडचा काठ हळूहळू पुसला जायचा, आणि सर डोळे मिटून सांगत राहायचे. कधी ओळीनं, कधी मध्येच तीस वर्षं मागे जाऊन. मी विचारायची, "कूळ?" ते म्हणायचे, "कोण जाणे. बायको लिही, पण तेवढ्यानं भागत नाही." "शेजार?" "चिडक्या बायका. ही चिडते तेव्हा स्वयंपाक जास्त चांगला करते. जेवण फार चवदार लागलं की मी घाबरतो." मी हसून लोटपोट. मी म्हणायची, "हे मोडतं सर, माझी मावशीपण असंच करते." मग ते आणखी खोल शोधायचे. एखाद्या दिवशी काही सापडायचं नाही आणि आम्ही नुसते बसून राहायचो. एखाद्या दिवशी तेच ते दोनदा सांगायचे, आणि मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं लिहून घ्यायची.

जानेवारीच्या शेवटी एका गुरुवारी मी तो उतारा पुरा केला. माझ्या आयुष्यात मी इतक्या वेळा काही खोडलं नव्हतं. संध्याकाळी पाळीवर गेले तर सर आधीच येऊन बसले होते, पण त्या दिवशी ते कुठेतरी दूर होते. माझ्याकडे बघून हसले, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तसं, आणि मला कळलं की माझं नाव आज त्यांच्याजवळ नाही. मला वाईट वाटलं. कोणाला वाटणार नाही? "सर, मी रत्नमाला दिघोरे, वाचू का?" मी म्हणाले.

"वाच की."

मी वाचलं.

"सगळ्या बायका पहिली फुगलेली पोळी दुसऱ्याला वाढतात. ही ती स्वतः खाते, उभ्यानं, तुपाशी, आणि लाजत नाही. गोष्ट सांगताना ही शेवटाच्या आधी हसते, म्हणून हिच्या एकाही गोष्टीचा शेवट कोणाला माहीत नाही. ढग गडगडले की घाबरणारे पुष्कळ, ही खिडकीशी जाऊन आभाळाला रागावते. झोपताना चष्मा काढत नाही, स्वप्नं नीट दिसावीत म्हणून, असं म्हणते. हिच्याजवळ बसलं की घड्याळ बघायचं राहून जातं. चालताना डावा हात जरा पुढे धरते, कोणीतरी तो धरणार आहे असा. एक माणूस पुष्कळ वर्षं तो धरतो."

सर ऐकत होते. त्यांनीच सांगितलेलं सगळं, पण ते असे ऐकत होते, की जणू कोणा दूरच्या देशातली बातमी येते आहे. मी कागद खाली केला. मला भीती वाटत होती. मोडा म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"अशी बाई," सर सावकाश म्हणाले, "मला माहीत आहे. मी हिला ओळखतो."

"कोण, सर?"

त्यांचे ओठ हलले, काहीतरी शोधलं, सापडलं नाही. मी वाट बघत राहिले. बाजार उठला होता. पाळीवरून बाया घरी परतत होत्या, डोक्यावर टोपल्या, अंगावर शाली, संध्याकाळच्या धुक्यात सगळ्या सारख्याच राखाडी. चेहरे दिसतच नव्हते. सर उठून उभे राहिले आणि येणाऱ्या एकेकीकडे डोळे बारीक करून बघायला लागले.

"ही नाही," ते म्हणाले.

एक गेली. दुसरी आली.

"ही पण नाही."

आणखी दोघी बोलत गेल्या. सरांनी मान हलवली. कागद माझ्या हातात ओला झाला होता. मग धुक्यात कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगत होतं, आणि सांगणं पुरं व्हायच्या आत हसण्याचा आवाज आला. एक राखाडी आकार बाकीच्यांपासून सुटा झाला. त्याचा डावा हात जरा पुढे होता.

सरांचा चेहरा असा उजळला, की त्यानंतर मी कोणाचाही तसा बघितला नाही.

"ती," ते म्हणाले, आणि भराभर चालत जाऊन त्यांनी तो हात धरला.